वाटेवरची जकात
(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

जुन्नरहून पश्चिमेस घाटघरच्या बाजूनें नाणेघाटाच्या माथ्यावर गेलें म्हणजे वाटेच्या कडेला एक मोठा दगडी रांजण दिसतो. एकाच पाषाणांत कोरलेला हा रांजण जकातीचा होय, असें परंपरेनें सांगतात. कल्याण व सोपारा या बंदरांवर उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढून जुन्नरास येई, आणि देशावरचा माल त्याच वाटेनें खालीं कोंकणांत जाई. शेजारच्या लेण्यांत सातवाहन राणी नागनिका हिचा लेख आहे. त्यांत दानांच्या संख्या अंकांनीं कोरलेल्या असल्यामुळें आपल्या अंकलेखनाच्या इतिहासांत त्याला मोठें स्थान आहे. जुन्नरच्या आसपासच्या लेण्यांत बांबूचें काम करणाऱ्यांच्या, कांशाचीं भांडीं घडविणाऱ्यांच्या आणि धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणींचे उल्लेख सांपडतात. यवनांनीं दिलेल्या दानांचेही सांपडतात. एवढी सारी भरभराट एका अरुंद खिंडीच्या भरंवशावर उभी होती.

आतां अशी कल्पना करा कीं, घाटावरच्या अधिकाऱ्यानें एके दिवशीं फर्मान काढलें: धान्याच्या व्यापाऱ्यांचे बैल फुकट जातील, कांसारांच्या बैलांस तिप्पट जकात पडेल, आणि ज्यांचा माझ्याशीं करार नाहीं त्यांनीं संध्याकाळपर्यंत खोळंबून राहावें. बैलामागें अमुक आणि ओझ्यामागें तमुक, इतकें कोणालाही न्याय्य वाटेल. वाट राखावयाची तर खर्च येतोच. परंतु ओझें कोणाचें आणि तें कोणाच्या दुकानीं जाणार, हें पाहून जो जकात ठरवितो तो नुसता जकातदार राहत नाहीं. तो हळूहळू जुन्नरच्या सगळ्या पेठेचा धनी होतो. आणि तेंही स्वतः एक तांब्या न घडवितां.

आजच्या भाषणाचा विषय इंटरनेट हा आहे, आणि त्यासाठीं नाणेघाटापासून प्रारंभ करण्याचें कारण इतकेंच कीं या विषयावरील चर्चा फार लवकर यंत्रशास्त्राच्या झाडींत शिरते व सामान्य माणूस बाहेरच राहतो. वास्तविक प्रश्न यंत्राचा नसून वाटेचा आहे. मोबाइल कंपनी ही वाट पुरविते. त्या वाटेनें पत्र जावें, चित्र जावें, बाजारभाव जावा कीं गाणें जावें, हें वाटसरूनें ठरवावयाचें. कंपनीनें सर्वांना सारख्याच वागणुकीनें वाहून न्यावें, या तत्त्वाला टिम वू या अमेरिकन कायदेपंडितानें २००३ सालीं ‘नेटवर्क न्यूट्रॅलिटी’ हें नांव दिलें. मराठींत कोणी त्यास जाल-तटस्थता म्हणतात. मला ‘वाहकाचा निःपक्षपात’ हे साधे शब्द अधिक पटतात.

हें तत्त्व नवें आहे असेंही नाहीं. १८५४ च्या टपाल कायद्यानें हिंदुस्थानांत पाव तोळा वजनाच्या पत्रास अर्धा आणा असा दर ठरला आणि अंतराचा हिशेब मिटला. तत्पूर्वीं पत्र जितकें दूर जाई तितकें टपाल चढे. नव्या कायद्यानें टपालखात्यानें वजन पाहिलें, पत्ता पाहिला, पण आंतला मजकूर मात्र पाहिला नाहीं. १८९० च्या रेल्वे कायद्यानेंही एका व्यापाऱ्यास अनुचित झुकतें माप देऊन दुसऱ्यास अडविण्याची रेल्वे कंपन्यांना मनाई केली होती. जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांत आजतागायत आगगाडी पोंचलेली नाहीं, ही गोष्ट वेगळी. तरी त्या कायद्यामागचा विचार तेथील शेतकऱ्याला समजावून सांगावा लागणार नाहीं. नारायणगांवच्या उपबाजारांत टोमॅटोचे क्रेट घेऊन गेलेल्या माणसाला वजनकाटा आणि वाहतूक ज्याच्या हातांत तोच खरेदीदार झाला तर काय होतें, हें चांगलें ठाऊक असतें.

आपल्या देशांत या प्रश्नाला तोंड फुटलें तें २०१४ च्या डिसेंबरांत. इंटरनेटवरून केलेल्या संभाषणास वेगळा आकार लावण्याचें एअरटेल कंपनीनें जाहीर केलें, आणि लोकांचा रोष पाहून तें मागेंही घेतलें. पुढें २७ मार्च २०१५ रोजीं दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, म्हणजे ‘ट्राय’नें, या विषयावर एक विचारपत्र काढून जनतेचें मत मागविलें. अशीं विचारपत्रें एरव्हीं कंपन्यांचे वकीलच वाचतात. या वेळीं मात्र दहा लाखांहून अधिक पत्रें प्राधिकरणाकडे गेलीं. तींही इंटरनेटवरूनच गेलीं, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. वाट मोकळी होती म्हणूनच वाटेविषयींची तक्रार वाटेनें जाऊं शकली.

त्याच सुमारास फेसबुक कंपनीची एक योजना पुढें आली. प्रथम तिचें नांव ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ असें होतें. २०१५ च्या सप्टेंबरांत तें ‘फ्री बेसिक्स’ झालें. रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या ग्राहकाला कांहीं ठराविक संकेतस्थळें फुकट पाहतां यावींत, बाकीच्यांसाठीं पैसे द्यावेत, अशी ती व्यवस्था होती. त्या फुकटच्या यादींत कोणाला घ्यावयाचें याच्या अटी फेसबुकनें ठरवावयाच्या. योजनेच्या समर्थनार्थ वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती आल्या, रस्त्यांवर मोठमोठे फलक लागले. जाहिरातींतले चेहरे गोरगरिबांचे होते.

या योजनेच्या बाजूचा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नव्हता, आणि शहरांतल्या आपल्यासारख्यांनीं तो उडवून लावणें तर शोभणारही नाहीं. ज्याच्या घरीं तारेनें इंटरनेट येतें, ज्याच्या खिशांत दोन कंपन्यांचीं सिमकार्डें आहेत, त्यानें तत्त्वाचा आग्रह धरणें सोपें आहे. आंबेगांवच्या पश्चिम पट्ट्यांत, डिंभें धरणाच्या पाण्यापलीकडे भीमाशंकराकडे जातांना किंवा जुन्नरांत घाटघर-आंबोलीच्या बाजूला महादेव कोळ्यांच्या वाड्या आहेत. तेथें ‘रेंज’ मिळावी म्हणून माणसाला टेकाडावर जावें लागतें. अशा वाडीवरील मुलाला कांहींच न मिळण्यापेक्षां चार संकेतस्थळें फुकट मिळालीं तर बिघडलें कोठें? उपाशी माणसापुढें ताट ठेवतांना त्यांत पंचपक्वान्नें नाहींत म्हणून तें काढून घ्यावें काय?

प्रश्न बिनतोड वाटतो, परंतु उपमेंत एक खोट आहे. ताटांतलें अन्न खाऊन संपतें. इंटरनेटवर माणूस नुसता खाणारा नसतो, तो वाढणाराही असतो. त्या वाडीवरील मुलगा उद्यां आपल्या भागांतल्या हिरड्याचा भाव सांगणारें एखादें स्थळ काढील, कोणी आपल्या बोलींतलीं गाणीं तेथें ठेवील. पण शेजारच्या वाडीवरचे लोक फुकटच्या कुंपणांत असल्यामुळें तें त्यांना दिसणारच नाहीं. तें दिसावें अशी इच्छा असेल तर आधीं परदेशांतल्या कंपनीच्या अटींत बसावें लागेल. गरिबाला इंटरनेट मिळालें असा देखावा होतो, प्रत्यक्षांत त्याला गिऱ्हाईक म्हणून आंत घेऊन विक्रेता म्हणून दाराबाहेर ठेवलें जातें. शिवाय ज्याला कधीं उघडें इंटरनेट दिसलेंच नाहीं, त्याला कुंपण आहे हें कळणार तरी कसें? शहरांतल्या माणसाला फसवणूक ओळखतां येते. म्हणून निःपक्षपाताची गरज शहराहून वाडीला अधिक आहे, असें माझें मत आहे.

८ फेब्रुवारी २०१६ रोजीं ‘ट्राय’नें निर्णय दिला. आशय पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावण्यास बंदी झाली. मोडणाऱ्यास दिवसाला ५० हजार रुपये व जास्तींत जास्त ५० लाख रुपये दंड ठरला. आणीबाणीच्या प्रसंगीं सवलत देण्याची तेवढी मोकळीक ठेवली. ‘फ्री बेसिक्स’ बंद पडलें. पुढें नोव्हेंबर २०१७ मध्यें प्राधिकरणानें, दर सारखे ठेवूनही एखाद्याची गति कमी करणें, अडविणें किंवा दुसऱ्याला पुढें काढणें यांवरही बंदी असावी अशी शिफारस केली, आणि जुलै २०१८ मध्यें सरकारनें ती मान्य करून कंपन्यांच्या परवान्यांत तशी अट घातली. या बाबतींत आपला देश पुढारलेल्या म्हणविणाऱ्या राष्ट्रांच्याही पुढें गेला. अमेरिकेंत असाच नियम २०१५ सालीं झाला, २०१७ सालीं रद्द झाला, २०२४ मध्यें पुन्हां झाला आणि जानेवारी २०२५ मध्यें न्यायालयानें तो पुन्हां मोडला. सरकार बदललें कीं वाटेचा कायदा बदलावयाचा, हा खेळ तेथें दहा वर्षें चालला.

येथवरची कथा समाधानाची आहे. परंतु निःपक्षपाताचा नियम आणि वाटांची संख्या या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सर्वांना सारखें वागविणारा एकच घाटवाला असेल, तर तो सर्वांकडून सारखीच दुप्पट जकात घेऊं शकतो. नियम कोठेंच मोडला जात नाहीं. २०१६ च्या सप्टेंबरांत जिओ कंपनी बाजारांत उतरली आणि एका जीबीस दोनशे रुपयांच्या वर असलेला दर पाहतां पाहतां दहा-बारा रुपयांवर आला. कुंपणांतल्या फुकट इंटरनेटनें जें होणार नव्हतें तें स्पर्धेनें दोन वर्षांत करून दाखविलें, हें मोकळेपणानें मान्य केलें पाहिजे. परंतु त्याच झुंजींत एअरसेल गेली, टेलिनॉर गेली, टाटांचा मोबाइल धंदा एअरटेलमध्यें विलीन झाला, रिलायन्स कम्युनिकेशन्स दिवाळखोरींत गेली, व्होडाफोन व आयडिया २०१८ च्या ऑगस्टांत एक झाल्या. पूर्वीं डझनभर कंपन्या होत्या, तेथें तीन खासगी कंपन्या आणि सरकारची बीएसएनएल एवढ्याच उरल्या. २०२४ च्या जूनअखेर जिओनें दरवाढ जाहीर केली. दुसऱ्या दिवशीं एअरटेलनें केली. लागलीच व्होडाफोन-आयडियानें केली. तिघींचे नवे दर ३ व ४ जुलैपासून अंमलांत आले. त्यांनीं आपसांत संगनमत केलें असें मी म्हणत नाहीं; तीनच दुकानें असलेल्या पेठेंत संगनमताची गरजही पडत नाहीं. दर ठरविण्याचें स्वातंत्र्य ‘ट्राय’नें कंपन्यांवरच सोंपविलेलें आहे.

शहरांत निदान तीन वाटा आहेत. डोंगराआडच्या वाडीवर पुष्कळदां एकच मनोरा असतो. कित्येक ठिकाणीं तोही नाहीं. तेथें कंपनी बदलण्याचें स्वातंत्र्य कागदावरचें. म्हणून एकाधिकार या शब्दाकडे थोडें बारकाईनें पाहिलें पाहिजे. आपल्या एस. टी.चें उदाहरण घ्या. १ जून १९४८ रोजीं पुण्याहून तेव्हांच्या अहमदनगरास तिची पहिली गाडी निघाली. पुढें टप्प्याटप्प्यानें उतारू नेण्याचा हक्क कायद्यानें तिच्याकडे आला. एकाधिकारच तो! पण त्याबरोबर कर्तव्यही आलें. भाडें टप्प्यावर ठरतें, उतारूच्या तोंडाकडे पाहून ठरत नाहीं, आणि तोट्याची फेरीही चालवावी लागते. ३० जुलै २०१४ च्या सकाळीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळला आणि दीडशेंच्या आसपास माणसें मातीखालीं गेलीं. ही वार्ता बाहेरच्या जगाला प्रथम दिली ती नेहमींच्या फेरीवर गेलेल्या एस. टी.च्या चालकानें. जेथें गांव असावयाचें तेथें त्याला चिखलाचा ढिगारा दिसला. नफ्यातोट्याचा हिशेब करून ती फेरी कोणी बंद केली असती तर काय झालें असतें, याचा विचार प्रत्येकानें आपल्याशीं करावा.

दूरसंचाराच्या धंद्यांतही असें कर्तव्य कायद्यानें घातलेलें आहे, पण तें फार थोड्यांना माहीत असतें. कंपन्यांच्या हिशेबीं उत्पन्नांतील शेंकडा पांच हिस्सा ग्रामीण व दुर्गम भागांत सेवा पोंचविण्याच्या निधींत जातो. २००३ मध्यें त्या निधीला कायद्याचा आधार मिळाला. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानें त्याचें नांव ‘डिजिटल भारत निधि’ असें झालें. म्हणजे पुण्यामुंबईंत आपण जें बिल भरतों त्यांतला कांहीं अंश त्या वाडीच्या नांवानें बाजूला निघतो. तो वाडीपर्यंत जातो कीं नाहीं, हें विचारण्याचा हक्क त्यामुळें आपल्यालाही पोंचतो.

सरकारनें यांत हात घालावाच कशाला, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. धंदा कंपन्यांचा, भांडवल त्यांचें. त्यांचें त्या पाहतील! अशा गृहस्थांनीं एकदां नारायणगांवाजवळच्या खोडद येथें जाऊन यावें. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची महाकाय रेडिओ दुर्बीण तेथें आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारें पंचवीस किलोमीटरच्या टापूंत पसरलेल्या असून त्यांनीं टिपलेले संदेश प्रकाशतंतूंच्या तारांनीं एका जागीं आणले जातात. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं ती उभी राहिली. कोट्यवधि वर्षांपूर्वीं निघालेल्या अतिक्षीण लहरी ऐकणाऱ्या या दुर्बिणीला शेजारचा मोबाइल मनोरा म्हणजे कानाशीं वाजणारा ढोल. म्हणून त्या परिसरांत मनोरे आणि कारखाने यांच्यावर बंधनें पाळावीं लागतात. पुणें-नाशिक लोहमार्गाच्या आखणीवरही दुर्बिणीच्या कारणानें आक्षेप आला. जुन्नरच्या माणसाला यासाठीं कांहीं सोसावें लागतें, ही गोष्ट खरीच. पण त्यावरून एवढें दिसतें कीं, आकाशांतल्या लहरी ही वाटेल त्यानें वाटेल तशी वापरावयाची चीज नव्हे. त्या मोजक्या आहेत, एकाच्या वापरानें दुसऱ्याला बाध येतो, म्हणून त्यांचा कोणी तरी विश्वस्त लागतो. कंपनी आपला मनोरा स्वतः बांधते. परंतु तो ज्या लहरींवर चालतो त्या तिला जनतेकडून मुदतीनें मिळालेल्या असतात.

ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयानें ९ फेब्रुवारी १९९५ रोजींच सांगून ठेवली आहे. निमित्त क्रिकेटच्या सामन्यांचें होतें; १९९३ च्या हिरो चषकाचें प्रक्षेपण कोणी करावें यावरून दूरदर्शन आणि बंगालची क्रिकेट संघटना यांचा तंटा न्यायालयांत गेला. न्यायमूर्ति पी. बी. सावंत हे त्या पीठावर होते. लहरी ही सार्वजनिक संपत्ति आहे, त्यांचें नियमन एका स्वतंत्र सार्वजनिक संस्थेनें करावें, असा त्या निर्णयाचा आशय. सरकारचा एकाधिकार जसा नको, तसा धनिकांचाही नको. ज्या नभोवाणीवरून हें भाषण होत आहे, तिलाही तो निर्णय लागू आहे, आणि तो तिला थोडा झोंबलाही असेल!

त्या निर्णयाची दुसरी बाजू विसरूं नये. विश्वस्त हाही वाट अडवूं शकतो. २०२३ च्या जूनमध्यें कोल्हापुरांत दंगल उसळली तेव्हां तेथील इंटरनेट बंद ठेवण्यांत आलें. शांततेसाठीं क्वचित् असें करणें भाग पडतें, असें शासन म्हणतें. पण त्या काळांत अफवा पसरविणाऱ्याबरोबर खरी बातमी देणाराही मुका होतो, आणि फोनवर पैसे घेणारा भाजीवालाही रिकाम्या हातीं घरीं जातो. जानेवारी २०२० मध्यें काश्मीरच्या प्रकरणांत न्यायालयानें असे हुकूम बेमुदत असूं नयेत व ते प्रसिद्ध करावेत असें बजावलें. कंपनीनें वाटसरूंत भेद करूं नये म्हणून आपण सरकारला पाहारा करावयास सांगतों. पाहारेकऱ्याकडेही लक्ष ठेवावें लागतें, त्याला इलाज नाहीं.

सध्यां कंपन्यांचें एक नवें मागणें पुढें आलें आहे, आणि तें वरकरणी मोठें वाजवी दिसतें. चित्रपट व चलच्चित्रें दाखविणाऱ्या बड्या परदेशी संस्था आमच्या वाटेवर सर्वांत जास्त गर्दी करतात. तेव्हां वाटेच्या खर्चांत त्यांनींही वाटा उचलावा, असें मोबाइल कंपन्यांची संघटना २०२३ पासून सांगत आहे. परंतु ती गर्दी कोणामुळें होते? पाहणारा ग्राहक आपल्या डेटाचे पैसे मोजूनच पाहतो. त्याच ओझ्याची जकात एकदां बैलवाल्याकडून आणि एकदां दुकानदाराकडून घेण्याचा हा प्रकार आहे. बडी संस्था ते पैसे देईलही. उलट कांहीं वर्षांनीं तिला त्याचा फायदाच होईल, कारण पैसे न देऊं शकणारा एखादा मंचरचा किंवा ओतूरचा होतकरू पोर आपोआप मागें पडेल. बड्यांवर बसविलेली जकात लहानांच्या मुळावर येते ती अशी. ज्या दिवशीं हें मागणें मान्य होईल त्या दिवशीं २०१६ चा नियम न मोडतांही मोडला गेला असेल, असें मला वाटतें.

जातां जातां एका तारेची गोष्ट. प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत प्रकाशतंतूची तार न्यावयाची, अशी योजना केंद्र सरकारनें २०११ च्या ऑक्टोबरांत मंजूर केली. तिला पुढें ‘भारतनेट’ हें नांव मिळालें. २०२३ च्या ऑगस्टांत तिच्या सुधारलेल्या रूपासाठीं सुमारें एक लाख एकोणचाळीस हजार कोटी रुपये मंजूर झाले. तार लोकांच्या पैशांची असल्यामुळें तिच्यावरून सेवा देऊं इच्छिणाऱ्या कोणालाही सारख्या अटींवर ती मिळावी, असा तिच्यामागचा हेतु आहे. डोंगरांतल्या वाडीला दुसरी वाट मिळण्याची खरी संधि येथें आहे. परंतु पंचायतीच्या दारापासून घरापर्यंतची शेवटची तार कोण ओढणार? एकाच ठेकेदाराला तें काम गेलें तर नाणेघाट पुन्हां एकदां पंचायतीच्या पायरीवर उभा राहील. घोडेगांवच्या किंवा जुन्नरच्या बाजूला आपलें कोणी सगेसोयरे असतील, तर पुढच्या खेपेस गेल्यावर त्यांच्या पंचायतीच्या कचेरींत डोकवावें. भिंतीवर किंवा कपाटांत या योजनेची एक पेटी बसविलेली आहे काय, तिचा दिवा लागलेला आहे काय, आणि तिच्यातून गांवांत किती घरांना जोडणी गेली, हें ग्रामसेवकाला विचारावें.